मोडलेला बांध

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला शेतीवर बोलायला सांगितलंय. तुमच्यातले बरेच जण पुण्या-मुंबईला गेले, मी लोणीतच राहिलो. यशाच्या गोष्टी इतरांनी सांगितल्याच आहेत, मी माझी एक चूक सांगतो.

1972 च्या दुष्काळात आपले आईवडील दुष्काळी कामांवर होते. खडी फोडली, रस्ते केले, नाले अडवले, वावरावावरात मातीचे बांध घातले. तिथली सुकडी थोरल्यांना अजून आठवत असेल. आमच्या माळाच्या तुकड्याला असे तीन बांध होते. वडील पावसाआधी कुळवाच्या पाळ्या घालायचे, उताराला आडवं पेरायचे, ज्वारी विरळ ठेवायचे. सोलापूरला 1933 साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं, तिथंही याच गोष्टींवर काम झालं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर वडील जुन्या चालीचे आहेत एवढंच मी म्हणायचो!

कांद्याला भाव आला त्या वर्षी मला बांधांची अडचण व्हायला लागली. ट्रॅक्टर वळेना. वडील म्हणाले, "बांध हाये म्हणून वावर हाये." मी जेसीबी लावून दोन बांध सपाट केले आणि लांब तास मिळावेत म्हणून पेरणीही उताराच्या दिशेनं केली.

पुढं एका संध्याकाळी तासभर पाऊस पडला. सकाळी बघतो तर वरच्या अंगाला मुरूम उघडा आणि ओढ्याला चहासारखं पाणी. एका एकरावरची एक सेंटिमीटर माती म्हणजे 40 घनमीटर, वजनानं 50 टनांच्या आसपास. माझी तर काही ठिकाणी वीतभर गेली होती. वडील त्यावर काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मग लेव्हल काढून बांध पुन्हा घातले. दगडी सांडवे केले, बांधावर मारवेल लावलं, शेणखत टाकलं, मटकी-हुलगा फेरपालटीत आणला. सहा वर्षं झाली. खालची ज्वारी डोक्याच्या वर जाते, वरची अजून कमरेलाच आहे.

डिंभ्याच्या पाण्याची वाट बघण्यात आपली एक पिढी गेली. पाणी यावं, ते मागायलाच हवं. पण ते मुरायला माती लागेल.

तुमच्यापैकी अनेकांच्या जमिनी खंडानं किंवा वाट्यानं दिलेल्या आहेत. कसणाऱ्याला यंदाचं पीक दिसतं, त्यात त्याचा दोष नाही. दिवाळीला याल तेव्हा पैसे घेण्याआधी वावरात चक्कर मारा. सांडवा फुटलाय का, बांध किती उरलाय, बघा. बांध मोडायचा नाही, हे खंड ठरवतानाच बोलून घ्या. (भाऊबंदांशी हातभर बांधावरून कोर्टात गेलेलेही इथं आहेत, त्यांना तो नक्की सापडेल.)

उद्या सकाळी ज्यांना सवड असेल त्यांनी माझ्याबरोबर माळावर या. चहा तिथंच करू.