हवा मोजता, मग रक्त का नाही?

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात दिवसभर सोल्डरिंग चालतं. नेहमीच्या ६०-४० सोल्डर तारेत शंभर भागांपैकी चाळीस भाग शिसं असतं. पुण्यात २०१३पासून 'सफर' या हवा मोजणाऱ्या यंत्रणेमुळे हवेची प्रत कळते, आणि आकडा बरा दिसला की आपण निश्चिंत होतो. पण सोल्डरचा धूर मुख्यतः राळेचा असतो. शिसं लागतं बोटांना. त्याच बोटांनी वडापाव खाल्ला जातो आणि कपड्यांवरची धूळ घरातल्या रांगत्या मुलापर्यंत पोचते. हे हवेच्या यंत्राला दिसणारच नाही. म्हणून म्हणतो, हवा जरूर मोजा, पण माणसाचं रक्तही मोजा.

रक्त म्हणजे शिशाचं बचत खातं समजा. तिथली रक्कम महिन्याभरात निम्मी होते. पण त्यातली बरीचशी हाडांच्या मुदत ठेवीत जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. गरोदरपणी हाडांतलं कॅल्शियम निघतं, तेव्हा ही ठेवही मोडते आणि बाळापर्यंत जाते. पासबुक कधी भरलंच नाही, तर हे कळणार कसं?

कुणी म्हणेल, मोजून उपयोग काय? अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात देशभरातल्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा पेट्रोलमधलं शिसं कमी होताच रक्तातलंही सुमारे ३७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. शिसं काढून टाकण्याच्या बाजूने एवढा बिनतोड पुरावा दुसरा नव्हता. आपल्या पेट्रोलमधून ते २००० साली गेलं, पण रक्ताची तशी नियमित देशव्यापी मोजणी आपल्याकडे नाही. दुसरा आक्षेप धंद्याचा, की तपासणीने त्यावर गदा येईल. तपासणी म्हणजे कारागिरावर खटला नव्हे, भल्या माणसांनो! त्याचा आकडा त्यालाच सांगा. साबण, हात धुवायची जागा आणि घरी जाताना बदलायला कपडे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: हवेचा आकडा शहराचा असतो, रक्ताचा तुमचा. गरोदरपणी हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतातच. सुई तीच, फक्त शिशासाठी नळी वेगळी लागेल. महापालिकेच्या दवाखान्यांतून सुरुवात करायला काय हरकत आहे?