दोन भाषांच्या घरातील मूल



पंडरीतील मराठी मूल घराचा उंबरठा ओलांडताच भाषा बदलते. आजीशी मराठी, कापडबाजारात हिंदी, शेजारच्या अंगणात छत्तीसगढी. रायपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. तेव्हा या प्रश्नाला आजची धार नव्हती. आता अनेक पालकांना सल्ला मिळतो, की मुलाचा गोंधळ उडतो, घरी मराठी बोलणे थांबवा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आधार मात्र जुना आहे.

१९२३ मध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्समधील मुलांच्या बुद्धिमापनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रामीण भागातील द्विभाषिक मुले एकभाषिकांच्या मागे दिसली. शहरी मुलांत तसा फरक नव्हता. लोकांनी पहिलेच वाक्य लक्षात ठेवले. पुढे १९६२ मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधील दहा वर्षांची मुले, कुटुंबांची आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी ठेवून, तपासली. द्विभाषिक मुले पुढे निघाली. त्यावर रास्त आक्षेप आला: मुळात हुशार असलेलीच मुले दोन्ही भाषांत तरबेज झाली नसतील कशावरून?

या आक्षेपाला विचारात घेण्याजोगे उत्तर आपल्या शेजारच्या ओडिशातून आले. अजित मोहंती यांनी कंध समाजातील मुलांचा अभ्यास केला. समाज एकच, राहणीही बरीचशी सारखी. पण काही भागांत कुई भाषा टिकली होती, तर काही भागांत ती लोपून केवळ उडिया उरली होती. कुई व उडिया दोन्ही बोलणारी मुले सामान्यतः सरस ठरली, विशेषतः भाषेविषयी विचार करण्याच्या कसोट्यांत. गोंधळाचा सिद्धान्त येथे टिकत नाही.

मराठीतही या विषयाचा वारसा आहे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी सिद्ध केली. परक्या भाषेतील प्रश्नाला मूल अडखळले, तर त्याची बुद्धी मापली की भाषा, हे कोणी सांगावे? हिंदी माध्यमातील मराठी मुलाला ‘मंद’ ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी हा प्रश्न स्वतःस विचारावा.

कुटुंबाची बाजू अधिक नाजूक आहे. लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील स्थलांतरित कुटुंबांविषयी लिहिले, की लहानपणीच शाळेची भाषा घरात शिरली म्हणजे घरची भाषा मागे पडते आणि आईवडील व मुले यांच्यातील संवाद आटतो. चौथीत याची झळ फारशी जाणवत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, जेव्हा मुलाला भीती, अपयश, आकर्षण यांविषयी बोलायचे असते, तेव्हा आईजवळ तेवढे सूक्ष्म हिंदी नसते आणि मुलाजवळ तेवढे मराठी उरलेले नसते. मग दोघेही जेवणाखाणापुरतेच बोलतात.

रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे. या शाळेच्या कोणा विद्यार्थिनीने तेथे शिकताना पंडरीतील मराठी घरांचाच अभ्यास हाती घ्यावा: कोणत्या वयात मूल आजीला हिंदीत उत्तर देऊ लागते, थोरले भावंड धाकट्याशी कोणती भाषा बोलते, आणि भांडण झाले की घरात कोणती भाषा येते.