खडकावर आळ नको

  

या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणासाठी मला दिलेला विषय असा आहे : ठाणे ते डोंबिवली पट्ट्यातल्या नळाच्या पाण्याचा जडपणा आणि त्याची भूशास्त्रीय कारणे. अध्यक्षाने आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. आढावा घेईन, पण थोडा. कारण या शीर्षकात जे गृहीत धरले आहे तेच मला मान्य नाही आणि ते मोठ्याने सांगायला असे व्यासपीठ मिळावे म्हणून मी फार वर्षे थांबलो आहे. आपल्या नळाचे पाणी जड नाही. आपल्या इमारतींच्या टाक्यांमधले पाणी जड आहे. तो जडपणा आपण आत आणून ओततो आणि नाव मात्र सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे घेतो.

आधी पाणी येते कुठून ते पाहू. ठाण्याला भातसाचे पाणी पिसे येथे उचलून टेमघरला शुद्ध करून मिळते. त्याशिवाय स्टेम प्राधिकरणाचे शहाडचे पाणी आहे, मुंबई महापालिकेचा वाटा आहे आणि कळवा, मुंब्रा, दिवा या बाजूला एमआयडीसीचे पाणी आहे. कल्याण-डोंबिवली उल्हास नदीवर जगते : मोहिली, बारावे, नेतिवली, टिटवाळा ही तिथली शुद्धीकरण केंद्रे. एमआयडीसी बारवी धरणाचे पाणी नदीत सोडते आणि जांभूळला उचलते. उन्हाळ्यात उल्हास वाहती राहते ती टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रामुळे. 1922 पासून हे केंद्र मावळातल्या आंद्रा नदीचे, म्हणजे एरवी इंद्रायणी-भीमेकडे गेले असते असे पाणी घाटाखाली उतरवते आहे. मे महिन्यात कल्याणच्या माणसाच्या पेल्यात घाटमाथ्यावरचा पाऊस असतो. हे सगळे पावसाचे, धरणात साठलेले पाणी आहे. त्याचा एकूण जडपणा साधारणपणे लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत-बाहेर असतो आणि पावसाळ्यात आणखी खाली जातो. भारतीय मानक 10500 ची 2012 ची आवृत्ती दोनशेपर्यंत स्वीकारार्ह मानते, आणि दुसरा स्रोत नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घेते. आपण या मोजपट्टीच्या अगदी खालच्या टोकाला आहोत.

आता खडकाचा मुद्दा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर आपल्या पायाखाली आहेत. त्यात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आहे, म्हणजे कॅल्शियम आहे. ऑजाइट आहे, म्हणजे कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही आहे. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन झिरपते, ते सौम्य आम्ल या खनिजांना हळूहळू विरघळवते आणि पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट येतात. हे पुस्तकात आहे आणि बरोबर आहे. पण या वाक्यातला 'हळूहळू' हा शब्द आपण वाचतच नाही. बेसॉल्ट म्हणजे चुनखडक नव्हे. चंद्रपूर-वणीकडच्या चुनखडकावरून पाणी गेले की ते लवकर जड होते. बेसॉल्टला त्यासाठी वर्षानुवर्षांची संगत लागते. ठाण्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि काही तासांत ओढ्याला लागतो. त्या पाण्याला खडकाशी दोन शब्द बोलायलाही वेळ मिळत नाही.

माझे मूळ गाव जालना जिल्ह्यात. तिथेही हाच बेसॉल्ट, हेच प्लॅजिओक्लेज, हेच ऑजाइट. पाऊस मात्र सातशे मिलिमीटरच्या आसपास. पाणी जमिनीत मुरते, काळ्या मातीतून उन्हाने वर ओढले जाते, मातीत चुनखडीचे खडे धरतात. आमच्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजायची नाही. माझी आई चिमूटभर खाण्याचा सोडा घालायची. डोंबिवलीला बिऱ्हाड केल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने डाळ शिजत घातली आणि ती इतकी मऊ झाली की तिला वाटले डाळीची जातच वेगळी आहे. त्या दिवशी भूशास्त्राचा जो धडा मला मिळाला, तो विद्यापीठात मिळाला नव्हता. एकच खडक, दोन पाणी. खडक कोणता यापेक्षा पाणी त्याच्या सहवासात किती काळ राहिले हे महत्त्वाचे.

मग आपल्याकडे गीझरच्या कॉइलवर थर कसा बसतो? शॉवरची भोके का बुजतात? बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे डाग कुठून येतात? या तक्रारी खऱ्या आहेत. मी त्या ऐकण्यातच आयुष्य घालवले.

एक प्रसंग सांगतो. घोडबंदर रस्त्यावरच्या एका उंच इमारतीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. नळाच्या पाण्याने केस गेले, कपडे राखाडी झाले, महापालिकेवर दावा लावायचा म्हणाले. मी त्यांना दोन बाटल्या आणायला सांगितल्या : एक रस्त्यावरच्या जोडणीतून खालच्या टाकीत पडणाऱ्या धारेची, दुसरी त्यांच्या बाथरूमच्या नळाची. त्यांच्यासमोरच मी तपासणी केली. पहिल्या नमुन्यात एरिओक्रोम ब्लॅक टी टाकल्यावर लालसर रंग आला आणि ईडीटीएच्या मोजक्या थेंबांत निळा झाला. दुसऱ्यात ब्युरेट निम्म्याहून अधिक रिकामी झाली तरी तो लालच होता, म्हणजे ते पाणी कितीतरी जड. दोन्ही बाटल्या एकाच इमारतीच्या. मध्ये फक्त खालची टाकी होती, आणि त्या टाकीत बोअरचे पाणी सोडलेले होते, वर टँकर. रहिवाशांपैकी कुणालाही हे माहीत नव्हते. वॉचमनला माहीत होते, कारण व्हॉल्व्ह तोच फिरवत असे.

आपल्या परिषदेत दरवर्षी जो वाद होतो, भूशास्त्र विरुद्ध क्लोरिनेशन, किंवा धरण विरुद्ध जुन्या जलवाहिन्या, त्याचे उत्तर मला त्या दोन बाटल्यांत मिळाले. निबंध वाचणाऱ्यांनी कृपया रागावू नये. आपण नमुना घेतला कुठून, हे आपल्या कित्येक निबंधांत लिहिलेलेच नसते. 'डोंबिवलीचे पाणी' असे लिहिलेले असते. डोंबिवलीचे कोणते पाणी? नदीचे, बोअरचे, की दोन्हींच्या मिसळीचे?

बोअरविषयी मला सविस्तर बोलायचे आहे, कारण भूशास्त्र खरे तिथे आहे. कल्याणातल्या जुन्या वाड्यांच्या विहिरी, डोंबिवलीच्या गावठाणातल्या विहिरी उथळ होत्या. त्यांचे पाणी मुरुमातून आणि झिजलेल्या खडकातून येई आणि दर पावसाळ्यात नवे होई. लोक ते पीत, आणि गोड म्हणत. आज त्यातल्या कितीतरी विहिरी बुजवून वर पार्किंग झाले. त्यांच्या जागी बोअर आले. ते मुरूम ओलांडून खालच्या कठीण थरांतल्या भेगांपर्यंत जातात. तिथले पाणी जुने असते आणि वाटेत त्याने खनिजे गोळा केलेली असतात. पाऊस नेमाने भरून देत होता ते वरचे पाणी आपण गाडून टाकले आणि खालचे जुने पाणी उपसू लागलो. याला खडक जबाबदार कसा?

आणि खाडी. ठाण्याची खाडी एका बाजूला, उल्हासची खाडी दुसऱ्या बाजूला. डोंबिवली पश्चिमेला मोठागावपर्यंत भरती येते. समुद्राच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे सहा हजार मिलिग्रॅमहून अधिक, त्यातला मोठा भाग मॅग्नेशियमचा. बोअरच्या शंभर लिटरमागे पाच लिटर समुद्राचे पाणी मिसळले तरी जडपणात तीनशेची भर पडते. शिवाय खारे पाणी मातीतल्या चिकणकणांना सोडियम देते आणि त्यांच्याकडून कॅल्शियम सोडवून घेते, म्हणजे नुसत्या मिसळीने वाढेल त्याहून जडपणा जास्तच वाढतो. खाडीकाठी उपसा वाढवला की खारे पाणी आत सरकते, हे कुणाला नवे नाही. तरी तिथे नवे बोअर पडत राहतात.

हा जडपणा उकळूनही जात नाही. बायकार्बोनेटचा जडपणा उकळले की तळाशी बसतो. क्लोराइडचा बसत नाही. भांड्याला पांढरा थर आला तर तो बायकार्बोनेटचा. भांडे स्वच्छ राहिले आणि साबणाला फेस येत नसेल, तर खाडीची शंका घ्यावी. विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

आता माझी खरी चीड. ज्या घरात नदीचे मऊ पाणी येते, त्या घरात आरओ यंत्र बसते. यंत्र विकणारा माणूस टेबलावर दोन पेले ठेवतो आणि त्यांत विजेचे रॉड बुडवतो. नळाचे पाणी तपकिरी, गाळकट होते. यंत्राचे पाणी स्वच्छ राहते. घरातल्या बाईंचा चेहरा पडतो. तो तपकिरी गाळ रॉडच्या लोखंडाचा असतो! पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड गंजून उतरते. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते तसेच राहते. हा प्रयोग मी शाळांमधून, सोसायट्यांच्या सभांमधून उलगडून दाखवला आहे. पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तेच यंत्राचे पाणी तपकिरी करून दाखवले आहे. तरी यंत्र बसतेच. एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जाते. पाणीकपातीच्या दिवशी टँकर मागवणाऱ्या शहरात! 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने पाचशे मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला आरओ लावू नये, असा आदेश दिला होता. आपला नदीचा नळ त्याच्या कितीतरी खाली आहे. त्या आदेशाची चर्चा या परिषदेत झाल्याचे मला आठवत नाही.

आरोग्याचा प्रश्न निघेल म्हणून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. माझ्या गावी पिढ्यान्‌पिढ्या लोक जड पाणी पिऊन शेती करत आले. जडपणाला घाबरू नका. तो कुठून आला हे माहीत नसण्याला घाबरा. ज्या टाकीत बोअरचे पाणी गुपचूप मिसळते, त्या टाकीत शेजारच्या गटाराचे पाणी मिसळले तरी कुणाला कळणार नाही.

पुढच्या कामाविषयी. जडपणाचा नकाशा करू असे आपण अनेकदा ठरवले. या वेळी शहरांचा नकाशा नको, टाक्यांचा करू. प्रत्येक सोसायटीतून तीन बाटल्या : रस्त्यावरची जोडणी, बोअर, गच्चीवरची टाकी. एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळे मोजायचे, एकूण जडपणावर थांबायचे नाही, नाहीतर खाडी पकडता येणार नाही. घोडबंदर आणि डोंबिवली पश्चिम इथून सुरुवात करावी असे मला वाटते. खर्च कोण करणार, नमुने कोण गोळा करणार, हे दुपारच्या बैठकीत ठरवावे. महाविद्यालयांनी विद्यार्थी दिले तर प्रयोगशाळांनी रसायने द्यावीत. दोन्ही महापालिकांनी जलमापक बिलावर स्रोताचे नाव आणि जडपणाचा आकडा छापावा, अशी विनंती आपण ठरावाने करू. आणि ज्या सोसायटीने बोअर टाकीला जोडला आहे, तिने ते सूचनाफलकावर लिहावे, अशी सक्ती व्हावी. ठरावाचा मसुदा मी आणला आहे. वाचून दाखवतो, दुरुस्त्या सुचवा.