दिसायला सारखे, असायला वेगळे



अध्यक्षाने तंत्रज्ञानाच्या भवितव्यावर बोलावे, असा प्रघात आहे. मी मात्र एक जुनाच विषय घेणार आहे: आपल्या वेब ॲप्लिकेशन्समध्ये पुन्हा पुन्हा लिहिला जाणारा कोड.

२२ सप्टेंबर २०२५ आठवा. जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले. बराचसा माल ५ किंवा १८ टक्क्यांत आला, मोजक्या वस्तू ४० टक्क्यांवर गेल्या. ज्यांचा कराचा हिशेब एकाच क्लासमध्ये होता, त्यांनी दरांचा तक्ता बदलला आणि इन्व्हॉइस तपासून पाहिले. बाकीचे सगळ्या फायलींमध्ये ०.१२ शोधत बसले. तो आकडा सापडतोही. पण कोणी थेट १.१२ ने गुणलेले असते, कोणी १२ ला १०० ने भागलेले असते, कोणी ६ अधिक ६ लिहिलेले असते, कारण पुण्याहून नाशिकला विकलेल्या मालावरचा कर केंद्र आणि राज्य यांत निम्मानिम्मा वाटला जातो. पुण्याहून पणजीला माल गेला की तोच कर एकत्रित लागतो. भरीला, कार्टमधला हिशेब जावास्क्रिप्टमध्ये, इन्व्हॉइसचा पीएचपीत आणि महिनाअखेरच्या अहवालाचा एसक्यूएलमध्ये. यातली एकही ओळ दुसरीसारखी दिसत नाही, तरी नियम एकच आहे आणि तो तीनदा लिहिला गेला आहे. सारख्या ओळी मोजून टक्केवारी सांगणारे टूल इथे खुशाल शून्य दाखवेल.

अँडी हंट आणि डेव्ह थॉमस यांनी १९९९ साली ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’मध्ये ‘ड्राय’ हे तत्त्व मांडले, ते ज्ञानाबद्दल: प्रत्येक नियमाला सिस्टीममध्ये एकच अधिकृत जागा असावी. आपण ते ओळींवर आणून ठेवले, आणि मग उलट्या दिशेचा घोटाळा सुरू झाला.

ग्राहकाचा पत्ता आणि विक्रेत्याचा पत्ता घ्या. सुरुवातीला दोन्ही फॉर्म हुबेहूब सारखे असतात: नाव, मोबाइल, सहा आकडी पिनकोड. कोणीतरी उत्साहाने दोघांना एक पेरेंट क्लास देतो. पुढे विक्रेत्याला जीएसटी क्रमांक सक्तीचा होतो, ग्राहक दुबईहून ऑर्डर देतो आणि त्याला पिनकोडच नसतो. मग मेथडला एक फ्लॅग येतो, मागोमाग दुसरा. तिसऱ्या फ्लॅगनंतर त्या मेथडला हात लावायला कोणी धजावत नाही. चुकीच्या ॲब्स्ट्रॅक्शनपेक्षा दुबार कोड स्वस्त पडतो, असे सँडी मेट्झ सांगत आल्या आहेत, आणि मला ते पूर्ण पटते. दोन तुकडे एकत्र आणण्याआधी एवढेच विचारावे: उद्या एक बदलला तर दुसरा बदलायलाच हवा का? उत्तर ‘नाही’ असेल, तर सारखेपणा योगायोगाचा आहे, राहू द्या.

इनहेरिटन्सचा मोह याच्याच जोडीने येतो. पीएचपी ५ आली २००४ साली. तोवर ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाला दहा वर्षे झाली होती आणि इनहेरिटन्सपेक्षा कॉम्पोझिशन बरे, हे त्यात स्वच्छ सांगितलेले होते. तरी आपण बेसकंट्रोलर नावाचा माळा बांधला आणि लॉगिन, ईमेल, तारखांचे फॉरमॅट असे जे कुठे बसेना ते तिथे टाकत गेलो. २०१२ साली ५.४ मध्ये ट्रेट आले. त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही: तेही कॉपी-पेस्टच, फक्त आपल्याऐवजी भाषा करते.

त्यापेक्षा करासाठी वेगळा छोटा क्लास करा. त्याला वस्तूचा एचएसएन कोड, पुरवठ्याचे ठिकाण आणि तारीख द्या. तारीख लागतेच, कारण ऑगस्टच्या विक्रीवरची क्रेडिट नोट नोव्हेंबरमध्ये काढली तरी दर ऑगस्टचाच. ब्राउझरने स्वतः गुणाकार न करता सर्व्हरला विचारावे. अहवालाने कर पुन्हा मोजू नये. इन्व्हॉइसवर साठवलेली रक्कम वाचावी.

जुना कोड मात्र लगेच पुसू नका. आधी गेल्या वर्षीची खरी इन्व्हॉइस नव्या क्लासमधून काढा आणि पैशापैशाने ताडून पाहा. फरक निघतील, आणि बरेचसे राउंडिंगचे असतील: एका ठिकाणी प्रत्येक ओळीवर, दुसरीकडे एकूण रकमेवर. त्यातले बरोबर कोणते, हे प्रोग्रॅमरने एकट्याने ठरवायचे नसते. अकाउंट्सच्या माणसाला शेजारी बसवा. यानंतरचे सत्र टेस्टिंगवरच आहे, तेव्हा या फरकांची यादी मी त्या वक्त्यांच्या हवाली करतो.