विद्यापीठ आणि कोयता



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला या व्यासपीठावर बोलाविले, तेव्हा प्रथम वाटले की पत्ता चुकला असावा. विषय दिला, 'विद्यापीठांतील संशोधन आणि आपल्या भागातील उद्योग'. मी सातवीनंतर शाळा सुटलेला माणूस. विद्यापीठाकडे मी गेलो तो मोर्चा घेऊन, आणि तोही फाटकापर्यंत. माझे जे काही वाचन झाले ते गावच्या वाचनालयात आणि ऊसतोड कामगारांच्या कोपीत, कंदिलाच्या उजेडात. तेव्हा विद्वानांनी माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये. जे पाहिले, जे वाचून ताडून घेतले, तेवढेच मी सांगणार आहे.

आपण येथे सायंकाळच्या गार वाऱ्यात बसलो आहोत, त्याच दिवसांत पट्टा पडून टोळ्या गावी परतल्या आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील वस्त्या आणि तांडे रिकामे होतात, ते पाडव्याच्या आगेमागे पुन्हा भरतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका फडावर मी बसलो होतो. माझ्या हातात परभणीच्या कृषी विद्यापीठाची दैनंदिनी होती. एक मावशी मोळी गाडीत टाकून पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "भाऊ, त्या पुस्तकात काय हाय?" मी म्हणालो, "मावशी, बियाणं कोणतं घ्यावं, खत किती घालावं, असं सगळं आहे." ती म्हणाली, "मग मोळी हलकी कशी करावी, हे लिवलंय का कुनी?"

मी पाने चाळली. ते लिहिलेले नव्हते. आजचे माझे सारे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम हे मान्य करू की ज्ञानाने प्रदेश उभे राहतात. हे परदेशातील दाखल्यांवरून सांगण्याची गरज नाही. आपल्या कोयत्याची वाट ज्या कारखान्यांकडे जाते, त्यांचाच इतिहास पाहा. प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील या शेतकऱ्याने सहकारी साखर कारखान्याचा ध्यास घेतला. विखे पाटलांचे शालेय शिक्षण बेताचेच. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेत शेतकऱ्याच्या हिशेबाचा अभ्यास चाले : त्याला भाव किती पडतो, कर्ज कोठून येते, नफा कोठे गळतो. तो अभ्यास कपाटात राहिला नाही. गाडगीळ त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्यांचे भागभांडवल, सरकारने घेतलेले भाग आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज असे तीन ओघ एकत्र आले आणि १९५० च्या सुमारास प्रवरेचा कारखाना सुरू झाला. पुढे महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची जी रांग लागली, तिची पहिली वीट ही. भांडवल तेथे आले, कारण कोणीतरी आधी हिशेब मांडून दाखविला होता.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या जालन्याचे. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने 'पुसा सावनी' ही भेंडीची जात काढली. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी तिचे बियाणे आपल्या भागात वाढवून विकले. १९६४ साली त्यांनी 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली. त्याच सुमारास सरकारी संशोधन केंद्रांतून संकरित ज्वारी व बाजरी बाहेर पडत होती. नवी जात शोधणे एक, आणि तिचे पोतीच्या पोती शुद्ध बियाणे दरसाल तयार करणे दुसरे. पहिले काम शास्त्रज्ञांनी केले, दुसरे जालन्याने उचलले. एकदा गावोगावचे शेतकरी बीजोत्पादनाचे प्लॉट घ्यावयास शिकले, बियाणे निवडण्याची व साफ करण्याची यंत्रे बसली, जाणते हात तयार झाले, की मग दुसरी कंपनी येते, तिसरी येते. जालना बियाण्यांचे गाव झाले. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उद्योजक एखाद्या गावी येतो तो केवळ स्वस्त जमिनीसाठी येत नाही. तो पाणी पाहतो, रस्ता पाहतो, आणि या कामाचे जाणते हात येथे आहेत काय, अडचण आली तर विचारावयास येथे कोणी आहे काय, हेही पाहतो. पाणी आणि रस्ता सरकार देईल. बाकीच्या दोन गोष्टी शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठेच देऊ शकतात.

आता आपल्याकडे वळू. निजामी राजवटीत मराठवाड्याच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेव्हा कोठे गोरगरिबांच्या मुलांना दार उघडले. १९५८ च्या ऑगस्टमध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, आणि १९९४ साली त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे. २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे महाराष्ट्राचे इतर भाग शंभर वर्षे विद्यापीठाच्या सावलीत वाढले, आणि आपण त्या सावलीत उशिरा आलो. बीडच्या स्थानकावर रेल्वेगाडी यावयास २०२५ साल उजाडले, त्याच जातीचा हा उशीर आहे.

उशिरा आलेल्या या विद्यापीठांनी काही केले नाही, असे म्हणणे मात्र कृतघ्नपणा होईल. नांदेडच्या केंद्राची 'एनएचएच ४४' ही संकरित कापसाची जात कोरडवाहू शेतकऱ्याने वर्षानुवर्षे पेरली. 'परभणी क्रांती' भेंडीने पिवळ्या रोगाला तोंड दिले. बदनापूरच्या तुरीच्या जाती आणि परभणीचे सोयाबीन आपल्याही शिवारात आहे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईस सीताफळाचे संशोधन केंद्र आहे. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ कोणी न लावता येते. त्यातूनच निवड करून 'धारूर-६' ही जात काढली गेली, आणि २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मग सीताफळावर उभा राहिलेला मोठा उद्योग कोठे आहे? आजही हंगामात आयाबाया डोंगरातून पाट्या भरून आणतात आणि व्यापारी सांगेल त्या भावाला देऊन मोकळ्या होतात. कारण उघड आहे. फळ पिकले की दोनतीन दिवसांत नासते. गर काढून ठेवला तर तो काळा पडतो. तो पांढरा ठेवावयाचा तर स्वच्छ जागा, शीतगृह आणि अखंड वीज हवी. जात काढणे ही साखळीची पहिली कडी झाली. फळाच्या पाटीपासून गराच्या डब्यापर्यंतच्या कड्या जोडल्या गेल्याशिवाय मानांकनाचा कागद भिंतीवर शोभतो, पाटीवालीच्या पदरात पडत नाही. प्रवरेला गाडगीळ आणि विखे पाटील एका मेजाशी बसले. आमच्याकडे शास्त्रज्ञ केंद्रात बसतो, व्यापारी अडतीवर बसतो आणि बाई रस्त्याच्या कडेला बसते.

याउलट रेशमाचे पाहा. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने 'व्ही-१' ही तुतीची जात आणि रेशीमकिड्यांचे चांगले संकर दिले. ते ज्ञान येथवर आले आणि गेवराई, बीड या तालुक्यांत तुती उभी राहिली. तुती एकदा लावली की दहाबारा वर्षे चालते. बाल्यावस्थेतील कीटक, ज्याला चॉकी म्हणतात, ते आणून शेडमध्ये वाढविले की महिन्याच्या आत कोष हाती येतो. पूर्वी आमचा शेतकरी कोषांची पोती घेऊन कर्नाटकात रामनगरला जाई. आता बीडच्या बाजार समितीतच कोषांची खरेदी होते. एक एकर तुती आणि एक शेड यांवर एक जोडपे वर्षभर गावात राहू शकते. याचा अर्थ काय, हे ऊसतोड्याला विचारा. याचा अर्थ पोराची शाळा सुटत नाही, म्हातारी आई कुलपाआड एकटी राहत नाही, आणि मुकादमाच्या उचलीवर अंगठा उठवावा लागत नाही. संशोधन म्हणजे काय, हे मला पोथीतून कळले नाही ते त्या शेडमध्ये कळले. पण ज्याला एकरभर जमीन आणि विहिरीचे पाणी आहे, त्याच्यासाठी हे ठीक. ज्याच्यापाशी केवळ कोयता आहे, त्याचे काय?

येथे मी माझ्या मूळ दुखण्यावर येतो. उसाइतके संशोधन फार थोड्या पिकांचे झाले असेल. कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ चे, आपले पाडेगावचे केंद्र १९३२ चे, मांजरीची साखर संस्था १९७५ ची. कोइमतूरच्या 'को ८६०३२' या जातीने महाराष्ट्रातील शेतकऱ्याचे आणि कारखान्याचे दिवस पालटले. उतारा कसा वाढेल, खोडवा कसा राखावा, ठिबक कसे द्यावे, मळीपासून मद्यार्क आणि चिपाडापासून वीज कशी करावी, या प्रत्येकावर शास्त्रज्ञ बसले. पण उसाच्या बुडख्याशी वाकलेल्या माणसाच्या पाठीवर किती शास्त्रज्ञ बसले? कोयता माझ्या बापाच्या हातात जसा होता, तसाच आज आहे. मोळी त्याच डोक्यावर आहे.

२०१९ साली आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा ऐकून सभागृह हादरले. माझ्या मनात मात्र निराळाच प्रश्न आला. या स्त्रिया आमच्याच गावच्या. महाविद्यालये आमच्याच गावात आहेत, अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे. मग हा आकडा वर्तमानपत्रांनी आरोळी दिल्यावर का मोजला गेला? तो आधी, शांतपणे, दरसाल का मोजला गेला नाही?

आकड्याचे मोल मला एका बैठकीत कळले. दरवाढीची बोलणी होती. समोरच्या बाजूला वह्या होत्या : गाळप, उतारा, वाहतूक, सारे पैशापैशापर्यंत. आमच्या बाजूला घोषणा होत्या. कोणी विचारले, "एक बाई दिवसाला किती वजन उचलते?" आम्ही चौघे नेते, चौघांनी चार उत्तरे दिली. त्या रात्री मला झोप आली नाही. नंतर मी एक ताणकाटा विकत घेतला आणि फडाफडांवर मोळ्या तोलू लागलो. वही भरली, पण तिचे काय करावे ते समजेना. एका महाविद्यालयातील तरुण प्राध्यापकाने मला सरासरी कशी काढावी, एका फडाचा आकडा साऱ्या फडांना का लावू नये, हे चार रविवार बसून शिकविले. वयाच्या चाळिशीत मी संशोधन शिकलो ते असे. पुढच्या बैठकीस मी वही घेऊन गेलो. दर त्या वहीने वाढला असे मी म्हणणार नाही. दर संपाने वाढतो. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ मिळाली, तीही संघटनेच्या जोरावर. पण त्या बैठकीत आम्हांला कोणी हसले नाही.

आता ऊसतोडणी यंत्रे येत आहेत, आणि सरकार त्यांना अनुदान देते. मी यंत्राचा वैरी नाही. जे काम माणसाची पाठ मोडते, ते यंत्राने करावे. यंत्र फिरावे म्हणून उसाच्या दोन सरींत किती अंतर ठेवावे, याचे संशोधन झाले आहे. यंत्र आल्यावर लाखो कोयत्यांनी काय करावे, याचेही झाले पाहिजे. ते आज झाले नाही, तर उद्या ते काम मोर्चा करील, आणि मोर्चा हे संशोधनाचे साधन नव्हे, हे तीस वर्षे मोर्चे काढलेला माणूस आपणांस सांगत आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली : विद्यापीठाच्या संशोधनाचे विषय ठरविताना शेतकरी व कारखानदार यांच्याबरोबर मजुरालाही विचारावे. दुसरी : टोळ्या गावी असतात त्या पावसाळ्याच्या महिन्यांत महाविद्यालयांनी वस्तीवर यावे, रेशीम, बीजोत्पादन, यंत्रदुरुस्ती, जे उपयोगी ते शिकवावे, आणि आमच्याकडूनही शिकावे. जाणते हात असे तयार होतील, आणि जाणते हात असले तर भांडवल येईल. तिसरी : येथे जे भांडवल येईल, त्याचा पहिला हिशेब जमिनीच्या एकरांत किंवा रुपयांच्या कोटींत होऊ नये. दसऱ्याला किती घरांना कुलूप लागले नाही, यात तो व्हावा.

कोणी म्हणतील, विद्यापीठाचे काम ज्ञानासाठी ज्ञान. त्याला मजुराच्या मोळीशी का बांधता? मी म्हणतो, मोळीचे वजन हेही ज्ञानच आहे. मणक्यावर तिचा भार कसा येतो, उंच गाडीत ती फळीवरून चढविण्याऐवजी सोपी युक्ती कोणती, हे प्रश्न कोणत्याही शास्त्रज्ञाच्या योग्यतेचे आहेत. ते कोणी विचारले नाहीत, कारण विचारणारी मावशी विद्यापीठात पोहोचली नाही, आणि विद्यापीठ फडात पोहोचले नाही.

आपणांपैकी कित्येकांची मुले आज त्या विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांतील एखाद्याला लवकरच प्रबंधासाठी विषय शोधावा लागेल. त्याला माझ्याकडे पाठवा. ताणकाटा माझ्यापाशी आहे, वही आहे, आणि दसऱ्यानंतर कोणत्या फडावर जावयाचे, तेही मला ठाऊक आहे.