घोरणं बंद झालं, पण श्वासाचं काय?

आजचा विषय जरा घरगुती आहे: घोरणं. हसू नका, म्हणजे हसा, पण ऐका. मी घोरायचो. माझ्या रूममेटने एका रात्री त्याचं रेकॉर्डिंग केलं आणि सकाळी आमच्या ग्रुपवर टाकलं. खाली लगेच कमेंट आली, "बुलेट कधी घेतलीस रे?"

मी पण हसलो. मग संध्याकाळी हेडफोन लावून ते सगळं ऐकलं. आवाज वाढत वाढत जातो, आणि एकदम बंद. काहीच नाही. मी सेकंद मोजले, १८. त्यानंतर पाण्याखालून वर आल्यासारखा मोठा आचका, आणि परत घोरणं सुरू. लोक आवाजाला हसत होते. मला ती शांतता ऐकून घाम फुटला.

या प्रकाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरते, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की श्वास थांबतो. मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, आणि सकाळी तुम्हाला यातलं काही आठवत नाही. असं १० सेकंद किंवा जास्त वेळ झालं की ते मोजलं जातं. तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा बराच कमी होतो, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी हेच नाव सांगितलं होतं. बातमी मी वाचली होती, पण म्हटलं हे वयस्कर, जाड माणसांचं दुखणं. मी २८ वर्षांचा, वजन ६६ किलो. माझी हनुवटी मात्र लहान आणि मागे आहे, आणि त्याने फरक पडतो हे तेव्हा माहीत नव्हतं.

आता माझी चूक सांगतो. डॉक्टरकडे जायच्या आधी मी ऑनलाइन एक माउथगार्ड मागवला. गरम पाण्यात बुडवायचा, दातांत धरून चावायचा, गार झाला की आकार पक्का. हजाराच्या आत काम झालं. आणि आवाज खरंच कमी झाला! रूममेट खूश, मी खूश. पण दोन आठवड्यांनी रात्री घरी येताना सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या मला डुलकी लागली. मागच्याने हॉर्न मारला म्हणून जाग आली. सिग्नल लाल होता म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय.

आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल: मी अलर्ट म्यूट केला होता, सर्व्हर अजून डाऊनच होता. आवाज कमी होणं आणि श्वास सुरळीत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट तपासणीशिवाय कळत नाही. रूममेटला विचारून तर नाहीच.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घरी करायची स्लीप टेस्ट दिली: बोटाला क्लिप, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. माझा आकडा आला २४. त्यांनी आधी सीपॅप सुचवलं. नाकावर मास्क आणि हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन. ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आकडा खाली आणण्यात आजही तीच सगळ्यात पुढे आहे. तीव्र त्रास असेल तर पहिली तीच. मी सहा आठवडे प्रयत्न केला. सकाळी मास्क उशीखाली सापडायचा. मशीनमधला डेटा सांगत होता, रोज सरासरी अडीच तास. आणि मशीन काय, घातलं तेवढ्या वेळेपुरतंच काम करतं.

इथे दातांचे डॉक्टर येतात. जीभ आतून खालच्या जबड्याला, हनुवटीच्या मागे जोडलेली असते. जबडा पुढे आणला की जीभ त्याच्याबरोबर पुढे येते. ऑफिसमध्ये प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालं असेल तर आठवा, बेशुद्ध माणसाचा श्वास मोकळा करायला जबडा पुढे उचलायला शिकवतात. तेच काम रात्रभर करणारं एक उपकरण दातांवर बसवतात. वरच्या दातांना एक साचा, खालच्या दातांना एक, आणि दोघांना जोडणारा स्क्रू किंवा पट्टी.

माझ्या डॉक्टरांनी आधी हिरड्या, दात, कानापुढचा जबड्याचा सांधा, सगळं बघितलं. मग मी जबडा जास्तीत जास्त किती पुढे काढू शकतो ते मोजलं. ९ मिलिमीटर. सुरुवात ५ वर केली, आणि पुढे काही आठवडे थोडं थोडं, अर्ध्या मिलिमीटरच्या आत, पुढे सरकवत ७ वर थांबलो. ऑनलाइनच्या माउथगार्डमध्ये नेमकं हेच नव्हतं. तो ज्या जागी गार झाला त्या जागी कायमचा. माझ्या घशाला ५ पुरतं की ७ लागतं, हे त्याला कोण सांगणार?

आणि मग उपकरण घालून परत स्लीप टेस्ट. बरेच जण हे टाळतात, कारण घोरणं थांबलेलं असतं आणि वर पुन्हा खर्च. पण टाळू नका. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही हेच आहे: मापाचं आणि सरकवता येणारं उपकरण, ते देणारा जाणकार दंतवैद्य, आणि नंतर पुन्हा तपासणी. माझा दुसरा आकडा ६ आला. सीपॅप नीट घातलं असतं तर कदाचित आणखी कमी आला असता. पण हे मी रोज सात तास घालतो.

त्रास आहेत, लपवत नाही. पहिले पंधरा दिवस उशी लाळेने ओली. सकाळी जबडा दुखायचा. अजूनही उठल्यावर दाढा एकमेकांवर नीट बसत नाहीत, पोहे चावायला अर्धा तास थांबावं लागतं. वर्षानुवर्षं वापरलं तर दात थोडे सरकतात, वरचे पुढचे दात आत आणि खालचे बाहेर. म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या चालू ठेवायच्या. ब्रेसेस चालू असतील, हिरड्या खराब असतील, तर आधी ते. आणि पैसे विचारताना पुढच्या फेऱ्या त्यात धरल्या आहेत का, हे आधीच विचारा. मी विचारलं नव्हतं.

जाता जाता एक मजेशीर गोष्ट. जयपूरमध्ये ३० रुग्णांवर शंख फुंकण्याचा एक छोटा अभ्यास झाला, २०२५ मध्ये छापून आला. घशाच्या स्नायूंचा व्यायाम म्हणून, आणि फरक दिसला. पण ३० माणसं म्हणजे ३० माणसं. तेवढ्यावर कोणी मास्क काढून शंख आणू नका. शेजारी वेगळेच आजारी पडतील.

हे सगळं झाल्यावर मला बाबांची आठवण झाली. आमच्या घरी बाबांचं घोरणं हा तीस वर्षांचा विनोद आहे. आई म्हणते, "हे आहेत म्हणून चोर येत नाहीत." त्यांना बीपीच्या दोन गोळ्या आहेत, दुपारी पेपर वाचता वाचता मान पडते. मी टेस्टचं म्हटलं तर म्हणाले, "तुझ्या वयाला मी दगडावर झोपायचो." शेवटी आईने दम दिला, तेव्हा तयार झाले. आकडा आला ४१.

मी उत्साहाने माझ्या दातांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाबांचे दात कसे आहेत?" बाबांना खाली पूर्ण कवळी आहे. रात्री ती वाटीत असते. जबडा पुढे ओढायला उपकरणाला पकडायला काहीतरी लागतं, आणि नुसत्या हिरडीवर ते टिकत नाही. जीभ पोकळीत ओढून धरणारा दुसरा प्रकार असतो, पण ४१ आकड्याला ते म्हणाले, सीपॅपच.

पहिल्या रात्री बाबा मास्क लावून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी काय फायटर पायलट आहे का?" दुसऱ्या रात्री काढून फेकला. मग आम्ही मास्क बदलला, नाकात बसणारा छोटा घेतला, आणि आधी दुपारी टीव्ही बघताना लावायची सवय केली. आता ते स्वतः सकाळी मशीनवरचा आकडा बघतात आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवतात, गुड मॉर्निंगच्या फुलाबरोबर.

आजचा मेसेज होता: ५ तास ४० मिनिटं. खाली आईने लिहिलंय, "मला झोप लागत नाही आता, घर फार शांत वाटतं."

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.