पैसे आहेत कुठं?

बँकांत, पतसंस्थांत, वर्गांत पैशाचा हिशेब लावणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अधिवेशनाच्या अध्यक्षाच्या या खुर्चीवर अर्थतज्ज्ञ बसवायची रीत आहे. यंदा तुम्ही बँकेतून निवृत्त झालेला माणूस बसवलात. ३४ वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर काढली, तेव्हा तिथलंच बोलतो.

एकदा एक डाळिंबवाले शेतकरी टेबलाशी आले. मुलाची जर्मनीतली फी भरून आठ दिवस झाले होते, आणि तिकडं पत्ता नव्हता. म्हणाले, ‘‘साहेब, आमच्याकडनं घेतले, तिकडं पोचले नाहीत. मग पैसे आत्ता आहेत कुठं?’’ मी ‘प्रोसेसमध्ये’ असं काहीतरी पुटपुटलो. अकराव्या दिवशी फी पोचली, तीही २५ युरो कमी. मधल्या बँकेनं आपला आकार कापून घेतला होता.

खरं उत्तर होतं, कुठंच नाहीत. पैसे सीमा ओलांडत नाहीत. परक्या बँकेत आपल्या बँकेचं खातं असतं, नॉस्ट्रो म्हणतो आपण त्याला. त्यातून वजा होतं, दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली स्विफ्टसुद्धा निरोपच नेते, पैसे नाही.

आपल्या सराफकट्ट्याला हे स्विफ्टच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. त्याची हुंडी म्हणजे पैसे देण्याचा लेखी निरोपच. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदती मुदत भरल्यावर. शहाजोग हुंडीचे पैसे पतदार शहालाच मिळत, त्यामुळं चोराच्या हाती कागद लागून फारसा उपयोग नसे. हुंडी हरवली तर पैठ लिहून मिळे, पैठ हरवली तर परपैठ. आणि जोखमी हुंडी? माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे.

आता नव्या जमान्याच्या नाण्यांकडं वळू. बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं. २ कोटी १० लाखांच्या वर नाणी निघायची नाहीत, हा त्याचा बाणा. पण नाण्यांची गुप्त डिजिटल किल्ली हरवली की विषय संपला. पैठ लिहून द्यायला पेढीच नाही! डॉलरशी बांधलेल्या स्टेबलकॉइनची गोष्ट वेगळी. रविवारीही ती काही मिनिटांत पोचतात. मी याला नाक मुरडत नाही, माझा शेतकरी खूश झाला असता. मात्र मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा यूएसडीसी या नाण्यामागचे ३.३ अब्ज डॉलर तिथं अडकले आणि एका डॉलरचं म्हणवणारं नाणं ८८ सेंटच्याही खाली आलं. दर्शनी म्हणून दिलेली हुंडी जोखमी निघाली. अमेरिकी सरकारनं ठेवींची हमी घेतली, मग भाव सावरला. म्हणजे ज्या दाराला वळसा घालायचा होता, त्याच दाराशी हात पसरावा लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलन काढणाऱ्याच्या मर्जीला लगाम कुणाचा, हा त्यांचा सवाल सरकारला होता. आज तो खाजगी कंपन्यांनाही लागू आहे. आपल्याकडं १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी ई-रुपयाचा प्रयोग सुरू झाला. यूपीआयनं सरकते ती बँकेतली ठेव. ई-रुपया मात्र नोटेसारखं थेट रिझर्व्ह बँकेचं देणं. देशात ठीक आहे. सीमेपलीकडं तो घेणारा कुणी हवा, हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय आणि सिंगापूरची तशीच व्यवस्था पेनाऊ जोडली गेली. नवं नाणं काढलं नाही, दोन वह्या जोडल्या. माझा कौल या वाटेला.

आता एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आडतीच्या, पेढीच्या जुन्या चोपड्या माळ्यावर असतील, मोडीत लिहिलेल्या. वटलेल्या हुंड्याही असतील. वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. पुढच्या अधिवेशनाला येताना घेऊन या. मोडी वाचणारा माणूस बसवायची जबाबदारी माझी.